सोनेरी वेल माझ्या वाट्याला आली नाही

मित्रांनो, मी पत्र्याची एक जुनी केसिंग पट्टी आहे. तीन बाजूंनी पत्रा, चौथ्या बाजूला झाकण आणि पोटात विजेच्या वायरी, एवढाच माझा संसार. इजिप्तमधल्या दुमियातच्या सुतारगल्लीत उस्ता, म्हणजे उस्ताद सुतार, झिक्रींचा कारखाना आहे. त्याच्या भिंतीवर मी बावीस वर्षं आडवी पडून आहे. दिव्यांची गोष्ट सगळे ऐकतात, पंख्याचीही ऐकतात. त्यांच्यापर्यंत वीज सुखरूप पोचवणारीला कोण विचारतो? आज तुम्ही ऐकायला बसलाच आहात, तर आधीच कबूल करते. माझा स्वभाव चांगला नाही. दुसऱ्याचं चांगलं झालेलं मला बघवत नाही.

माझा जन्म कैरोजवळच्या एका कारखान्यात झाला. मी साधा सपाट पत्रा होते. यंत्राने माझ्या दोन्ही कडा वर वळवल्या आणि मला वितळलेल्या जस्तात बुडवून काढलं. त्या दिवशी मी इतकी चमकत होते, की बाजूची बादली माझ्यात तोंड बघत होती. मग दोरीने बांधून, टेम्पोच्या टपावर घालून, मला दुमियातच्या एका दुकानात आणून टाकलं. माझ्या शेजारीच प्लॅस्टिकच्या पांढऱ्या पट्ट्यांची रास होती. गिऱ्हाईक आलं की आधी तिकडे वळायचं. माझ्या दुखण्याची सुरुवात तिथली.

एके दिवशी दोघे दोस्त दुकानात आले. एक उस्ता झिक्री. लाकडावर नक्षी कोरण्यात त्यांचा हात धरणारा गल्लीत कोणी नव्हता. दुसरा मुअव्वद वायरमन, किडकिडीत, कानावर पेन्सिल. झिक्रींनी पांढरीवरून हात फिरवला आणि त्यांचा चेहराच खुलला.

"ही घेऊ या की रे. कशी गुळगुळीत आहे बघ! आणि ती दुसरी? गोठ्यातली गव्हाण दिसते."

"झिक्री, तू इथे मुलगी बघायला आलेला नाहीस," मुअव्वद म्हणाला. त्याने पिशवीतला हातोडा काढला आणि दांड्याने पांढरीवर एक ठेवून दिला. तिला तडा गेला. दुकानदार बोंबलत धावला. मुअव्वदने तसाच एक माझ्यावर मारला. मला फक्त पोचा आला.

"तुझ्याकडे दिवसातून दहा फळ्या भिंतीला आपटतात," तो म्हणाला. "सगळीकडे भुसा. एखादी वायर तापली तर ही पांढरी वितळेल आणि तिच्या मागोमाग तुझा कारखाना जाईल. घरात, दुकानात पांढरी लाव, मी स्वतः लावून देईन. कारखान्यात ही पत्र्याचीच."

"बरं, मग जरा अरुंद तरी घे. वायरी मोजून सात!"

"निम्मं पोट रिकामं पाहिजे. वायरी तापतात, त्यांना श्वास घ्यायला जागा नको? आणि उद्या नवं यंत्र आणलंस की मलाच हाका मारशील."

मित्रांनो, कोणीतरी आपल्याला निवडलं, त्या दिवसाची सर कशालाच येत नाही. मुअव्वदने मला करवतीने कापलं आणि कापलेल्या कडा कानशीने घासल्या. मग प्रत्येक कडेवरून स्वतःचं बोट फिरवून पाहिलं. बोटाला खरचटलं तर वायरीलाही खरचटणार, असं त्याचं गणित. दोन-दोन फुटांवर स्क्रू पिळले. जिथे माझे दोन तुकडे जुळतात, तिथे हिरवी-पिवळी अर्थिंगची वायर जोडली. टेलिफोनची वायर मात्र त्याने माझ्यात येऊ दिली नाही, तिला वेगळी वाट काढून दिली. माझं एक टोक भिंतीच्या भोकातून पुढच्या खोलीत वीतभर डोकावत होतं. ते भोक त्याने माझ्या आतून आणि बाहेरून न जळणाऱ्या पुट्टीने गच्च बुजवलं.

"एवढं काय लिंपतोस? खोलीत नुसत्या फळ्या तर आहेत," झिक्री म्हणाले.

"आज फळ्या आहेत," मुअव्वद म्हणाला आणि लिंपत राहिला.

त्यानंतरची वर्षं कामाची. सकाळी मुख्य खटका वर गेला, की माझ्या पोटातून वीज धावायची आणि पट्टाकरवत गरगरायला लागायची. झिक्री पटाशी घेऊन पलंगाच्या डोक्याकडची फळी कोरायला बसायचे. गुलाब, द्राक्षं, डाळिंबं. महिनामहिना एका फळीवरून त्यांची बोटं फिरत राहायची. मग एक दिवस गाडी यायची, ढोल वाजायचे आणि तो पलंग नवरीच्या सामानाबरोबर थाटात निघून जायचा. मी त्या पलंगांवर जळायचे. महिनाभर राहिला आणि एवढे लाड! माझ्या अंगाला झिक्रींचा हात लागायचा तो टोपी अडकवायला. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याने माझ्या अंगावर गंजाचे ठिपके उठले. "तुला एकदा रंग मारायला पाहिजे," ते म्हणाले होते. हे एकच वाक्य. त्यावर मी पाच वर्षं काढली.

मग झिक्रींची मुलगी इन्शिराह शिकून आली. तिने पुढची खोली रिकामी केली, रंगवली आणि तिथे फर्निचरचं दुकान थाटलं. मोठ्या कारखान्यातून येणारं सरळ, सपाट, पांढरं फर्निचर. त्यावर एक पान नाही की फूल नाही. दुकान म्हणजे दिवे आले. दिवे म्हणजे मुअव्वद आला. त्याचे केस आता पिकले होते. आणि त्याच्या खांद्यावर कोण होती? पांढरी!

"इथे भुसा नाही, आपटाआपटी नाही," तो इन्शिराहला सांगत होता. "इथे हीच शोभते. आणि वजनाला हलकी, पुढेमागे वायर बदलायची तर झाकण नखाने निघतं."

त्याने तिचं तोंड माझ्या तोंडावर घट्ट बसवलं. माझ्याच पोटातल्या वायरी पुढे तिच्या पोटात गेल्या. एवढी वर्षं राबून वीज मी आणायची आणि बाईसाहेबांनी दिव्यांच्या झगमगाटात मिरवायचं! रोज सकाळी इन्शिराह ओल्या फडक्याने पुसायची. कुणाला? तिला. गिऱ्हाइकं वर बघून म्हणायची, "किती छान, पट्टी आहे हे कळतसुद्धा नाही!" मित्रांनो, मी तर मुळीच कुणाच्या लक्षात आले नव्हते. मला कोणी कधी छान म्हटलं? सवत घरात आली की काय होतं, ते मला विचारा.

माझ्यासारखंच आणखी एकाच्या पोटात दुखत होतं. झिक्रींच्या. गिऱ्हाईक दारातून यायचं, पुढच्या सपाट कपाटांवर हात फिरवायचं आणि तिथूनच परत जायचं. मागे पटाशी घेऊन बसलेल्या माणसाकडे कोणी वळायचं नाही.

"काय बघतात एवढं?" ते इन्शिराहवर डाफरायचे. "आरशासारखी कपाटं! बोट फिरवलं तर बोट अडायला नको? हे काय लाकूड आहे?"

"बाबा, लोकांना पुसायला सोपं लागतं. तुमच्या एका द्राक्षाच्या घडात अख्ख्या गल्लीची धूळ बसते."

"धूळ बसते म्हणे! तू त्याच घडांवर मोठी झालीस."

"माहितीये. म्हणूनच इतके दिवस बोलले नाही." इन्शिराहने खुर्ची ओढली आणि त्यांच्यासमोर बसली. "चार महिने झाले, कोरीव कामाची एक मागणी नाही. ईद झाली की मागची खोली मी गोदामाला घेते. तुम्ही पुढे माझ्यासोबत बसा, चहा प्या, गिऱ्हाइकांशी बोला."

झिक्रींनी पटाशी खाली ठेवली. मीही हादरले होते. कारखाना गेला की करवत जाणार, करवत गेली की माझ्या वायरी जाणार आणि मी भंगारात.

दुसऱ्या दिवसापासून झिक्री एका लांबलचक पट्टीवर कोरायला बसले. बीच झाडाचं लाकूड, चार बोटं रुंद. त्यावर द्राक्षाची वेल होती, पानं, तणावे आणि पानाआडून डोकावणारी इवलीशी चिमणी. आठ दिवसांनी त्यांनी त्यावर सोनेरी वर्ख चढवला. मग ती वेल उचलली आणि वाळायला म्हणून चक्क माझ्या झाकणावर टेकवली. मित्रांनो, मला वाटलं, अखेर माझी पाळी आली! अर्धा तास ती वेल माझ्या अंगावर होती. गंजाचे सगळे ठिपके तिच्याखाली झाकले गेले होते.

अर्ध्या तासाने झिक्रींनी ती काढली आणि गिऱ्हाइकांच्या नजरेत भरेल अशी लावायला पुढच्या खोलीत नेली.

आता इथे आमच्या दुमियातची गोष्ट समजून घ्या. या गल्लीत भिंतीवर काही लांब आणि सरळ दिसलं, तर ते लाकूडच असतं. आणि लाकडावर लाकूड बसवायचं तर बिनडोक्याचा बारीक खिळा. हातोडीचे दोन ठोके, वरून मेणाचा ठिपका, की खिळा होता हे देवालाही कळायचं नाही. चाळीस वर्षं झिक्रींच्या हाताने हेच केलं होतं. त्या हाताने विचार केलाच नाही. ते स्टुलावर चढले, वेल पांढरीच्या झाकणावर धरली आणि टक टक, टक टक, चौदा खिळे ठोकले.

नववा खिळा झाकणातून आरपार गेला आणि एका वायरीच्या निम्म्या तारा तोडून तिच्यात रुतला. मला ते कळलं. वायरी एकच होत्या ना, तिला टोचलं ते माझ्या पोटात उमटलं.

तुम्ही म्हणाल, बिचारीला तोंड कुठे होतं ओरडायला! खरं आहे. पण तोंड असतं तर मी ओरडले असते का? मित्रांनो, खोटं बोलत नाही. नसते ओरडले. सोन्याने नटून ती दिव्यांखाली मिरवत होती आणि मी मनात म्हणत होते, जळो मेली.

लगेच काही झालं नाही. दुकानात एरवी दोन-तीन दिवेच लागायचे. खिळा किंचित कोमट व्हायचा आणि पुन्हा गार पडायचा.

त्याच आठवड्यात मन्सूराहून एक बाई आल्या, सित्त वगीदा. सित्त म्हणजे आमच्याकडे बाईसाहेब. धिप्पाड अंग, मोठा आवाज. मुलीच्या लग्नाचं सामान बघत होत्या. कपाटांवरून नजर फिरवता फिरवता त्या वर बघायला लागल्या आणि तिथेच थांबल्या.

"ही वेल कुणी कोरली?"

"माझ्या बाबांनी," इन्शिराह म्हणाली.

"जिवंत आहेत?"

"मागे बसलेत. चहा पितायत."

"मग मला तो सपाट पलंग कशाला दाखवतेस गं? दवाखान्यातली खाट आहे ती! पलंगाच्या डोक्याशी अशी वेल पाहिजे. गुरुवारी मुलीला घेऊन येते. तिला आवडली, की पलंग, कपाट, आरसा, सगळं याच हातचं."

त्या गेल्यावर इन्शिराह मागे आली. झिक्री ग्लासातली साखर ढवळत बसले होते, जशी काही त्यांनी एक अक्षर ऐकलं नव्हतं.

"ऐकलंत ना? ऐकलंत. कान तर केवढे झाले होते," ती हसून म्हणाली. "त्यांनी ऑर्डर दिली तर गोदामाचं नाव काढणार नाही. शब्द."

म्हणजे बघा. कारखाना वाचला तर मीही वाचणार होते. तो वाचणार होता त्या वेलीमुळे. एवढं कळत असूनही मला आनंद झाला नाही. वेल तिच्या अंगावर होती, एवढंच मला दिसत होतं.

गुरुवारी दुपारची नमाज झाली आणि सित्त वगीदा मुलीला घेऊन आल्या. इन्शिराहने मशब्बकचा पुडा आणून ठेवला होता. जिलबीसारखा वेटोळा, पाकाने ओथंबलेला. झिक्री धुतलेला सदरा घालून उभे होते. वेल नीट दिसावी म्हणून इन्शिराहने दुकानातले सगळे दिवे लावले, सोळाच्या सोळा.

माझ्या पोटातून एकदम वीज धावली. नववा खिळा लाल झाला.

"कसला वास येतोय?" मुलीने नाक मुरडलं.

चिमणीच्या पोटाखाली सोनेरी रंग काळवंडला, मग एक निळसर जीभ बाहेर आली. वर्ख आणि रोगण काय, क्षणात पेटतं. वेल या टोकापासून त्या टोकापर्यंत पेटत गेली आणि पांढरी वितळून खाली ठिबकायला लागली.

"पाणी आणा!" झिक्री ओरडले.

"पाणी नको, बाबा! खटका आधी!" इन्शिराह मागे धावली आणि तिने माझ्याखालचा मुख्य खटका खाली ओढला. मग ओलं पोतं घेऊन ती परत आली आणि बापलेकीने मिळून वेल भिंतीवरून खाली पाडली. पण आग पांढरीच्या पोटातून सरकत माझ्या तोंडापर्यंत पोचली होती. माझ्यामागे भोकातली ती पुट्टी होती. पुट्टीमागे कारखाना, आणि कारखान्यात सगळीकडे भुसा. आग माझ्या तोंडाशी आली आणि तिथेच विझली.

थोड्याच वेळात मुअव्वद आला. राखेत बोट घालून त्याने एक खिळा वर काढला आणि दोस्तापुढे धरला.

"हा तुझा?"

झिक्रींनी मान हलवली.

"झिक्री, वायरीच्या पट्टीवर खिळा? अरे, माणसाच्या पोटावर मारला असतास का?"

"माझ्या ध्यानातच आलं नाही रे. पट्टी दिसली, हात आपोआप चालला." ते मुलीकडे वळले. "पोरी, ईदपर्यंत थांबू नकोस. उद्याच गोदाम कर. या हाताचा आता भरवसा नाही."

मुअव्वद तेवढ्यात माझ्यापाशी आला. माझं काजळलेलं तोंड त्याने बाहीने पुसलं. "ही म्हातारी होती म्हणून वाचलात. ही नसती तर अख्खी गल्ली पेटली असती."

सगळे माझ्याकडे बघत होते. मित्रांनो, बावीस वर्षं मी याच क्षणाची वाट पाहिली होती. माझ्याकडे बघा, म्हणत होते. आणि आता सगळे बघत होते, तर मला कुठे तोंड लपवू असं झालं होतं.

सित्त वगीदा गेल्या नव्हत्या. धुराने डोळे चोळत त्या गल्लीत उभ्या होत्या. हातात जळक्या वेलीचा वीतभर तुकडा होता, एक पान तेवढं शाबूत. त्या तरातरा आत आल्या.

"उस्ता, पलंगात वायर असते का हो?"

"नाही."

"कपाटात?"

"नाही, सित्त."

"मग रडताय कशाला? तिथे मारा की हवे तेवढे खिळे! वेल मला हीच पाहिजे. हे पान बघून करा."

"आणि चिमणी पण," मुलगी म्हणाली. "पण द्राक्षं जरा कमी, आई. धूळ बसते."

इन्शिराहला हसू आवरेना. झिक्रींनी त्या मुलीकडे असं बघितलं, जसं काही तिने त्यांच्या घराण्याला नावं ठेवली. पण ते मागे गेले आणि त्यांनी पटाशीला धार लावायला घेतली.

कारखाना राहिला. आणि पुढच्या भिंतीवर मुअव्वदने पुन्हा पांढरीच लावली. "तिची काय चूक होती?" तो म्हणाला. "तिला जिथे लावायला पाहिजे तिथेच लावली होती."

म्हणून मित्रांनो, तुम्हालाही सांगते. आमच्यातली कोणती घ्यायची, ते जागा बघून ठरवा, रंग बघून नको. पोट ठासून भरू नका, कापलेल्या कडा घासा, आणि भिंतीवर खिळा ठोकण्याआधी आत काय धावतंय ते कुणा जाणत्याला विचारा. पांढऱ्या पट्ट्या गरीब असतात. त्यांना सांभाळा. हे मी सांगते आहे, म्हणजे बघा.

नवी पट्टी बसवताना मुअव्वदला माझ्या ओठावर काहीतरी दिसलं. जुन्या पांढरीचा एक थेंब तिथे गोठून बसला होता. त्याने खरवडायला कानस उचलली, तर झिक्रींनी त्याचा हात धरला.

"राहू दे. मला तो रोज दिसला पाहिजे."

तो अजून तिथेच आहे. झिक्री सकाळी येतात, माझ्यावर टोपी अडकवतात, त्या थेंबाकडे बघतात आणि मान खाली घालून कामाला बसतात. त्यांना वाटतं, ती चूक त्यांच्या एकट्याची होती.